एव्हर्टनचं बिऱ्हाड नदीकाठी

शुक्रवार, 3 ऑक्टोबर 2025

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबने गुडिसन पार्क सोडलं ते या मे महिन्यात. 1892 पासूनचं मैदान. 18 मे रोजी साउथॅम्प्टनला 2–0 हरवून पुरुषांच्या संघाने तिथला मुक्काम संपवला आणि ऑगस्टमध्ये क्लबने मर्सी नदीच्या काठी, ब्रॅम्ली-मूर नावाच्या जुन्या गोदीत बांधलेल्या हिल डिकिन्सन स्टेडियममध्ये बिऱ्हाड हलवलं. तो शेवटचा सामना मी टीव्हीवर पाहिला होता. खेळ संपला तरी लोकांचा पाय निघत नव्हता. त्या लोकांचं पुढे काय झालं, नव्या जागी त्यांचा जीव रमला का, हे जवळून पाहायची ओढ तेव्हापासून लागून राहिली होती.

राहायला घर होतं. बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र, आमचे काका, 1970च्या दशकात डॉक्टर म्हणून लिव्हरपूलला आले ते इथलेच झाले. पहिल्याच हिवाळ्यात रुग्णालयातल्या एका सहकाऱ्याने त्यांना शनिवारी दुपारी गुडिसनला नेलं. तेव्हापासून काका एव्हर्टनचे.

लाइम स्ट्रीट स्टेशनाबाहेर वारा धड उभं राहू देत नव्हता. 'एमी' नावाचं वादळ आज इंग्लंडच्या वायव्येला घोंघावतंय. मी लगेच जवळच्या सेंट्रल स्टेशनात जाऊन काका राहतात त्या क्रॉस्बीकडे जाणारी लोकल धरली. गाडी शहराबाहेर उंचावरून धावते आणि सँडहिल्स स्टेशन जवळ आलं की डावीकडे गोदामांच्या छपरांपलीकडे नवं स्टेडियम दिसतं. खाली विटांचं बांधकाम, त्यावर काचेचं आणि धातूचं गोल पाठीचं छप्पर. पावसात त्याच्या मागची नदी वेगळी दिसतच नव्हती. डब्यातल्या दोन शाळकरी मुलांनी खिडकीकडे मान वळवून पाहिलं आणि परत गप्पा सुरू केल्या. माझं मात्र स्टेशन मागे पडेपर्यंत लक्ष हललं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर काका बोलायला लागले आणि काकू मधूनमधून वर्षं दुरुस्त करत राहिल्या. 24 एप्रिल 1985ची रात्र मी त्यांच्या तोंडून आधीही ऐकली आहे, पण ती कितीही वेळा ऐकावी. कप विनर्स कप या युरोपीय स्पर्धेची उपांत्य फेरी, समोर बायर्न म्युनिक, मध्यंतराला एव्हर्टन एका गोलने मागे. मग गुडिसनच्या ग्लॅडिस स्ट्रीटच्या टोकाकडे खेळताना शार्प, ग्रे आणि स्टीव्हन यांचे तीन गोल. पुढे रॉटरडॅमच्या अंतिम सामन्यात रॅपिड व्हिएन्नाला हरवून एव्हर्टनने तो कप जिंकला. पण गुडिसनची सर्वांत मोठी रात्र कोणती असं विचारलं, तर त्या पिढीची माणसं बायर्नचंच नाव घेतात.

काकांची जागा अप्पर बुलन्समध्ये, म्हणजे बुलन्स रोडकडच्या स्टँडच्या वरच्या मजल्यावर होती, लाकडी खुर्ची, आणि समोर खांब. गुडिसनच्या जुन्या स्टँडना छप्पर पेलायला खांब होते, त्यामुळे कित्येकांना गोल अर्धाच दिसायचा. काकांनी सोफ्यावर बसून करून दाखवलं: चेंडू उजव्या बाजूने आला की आधी डावीकडे झुकायचं, क्रॉस उडाला की पटकन उजवीकडे. शेजारी एक निवृत्त बसचालक, पुढच्या रांगेत मायलेकी. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच बाजूला झुकायचं, नाहीतर डोक्याला डोकं लागायचं. वर्षानुवर्षं हीच मंडळी एकमेकांशेजारी बसली. एकमेकांच्या घरी कधी गेली नाहीत, पण कुणाची शस्त्रक्रिया झाली, कुणाला नातवंड झालं, हे सगळ्यांना ठाऊक.

नव्या स्टेडियममध्ये जागा निवडायची वेळ आली तेव्हा ही रांग फुटली. बसचालक नातवंडांबरोबर दक्षिण स्टँडमध्ये गेला, मायलेकींनी उत्तरेकडचा कोपरा घेतला, काका पूर्वेच्या वरच्या मजल्यावर. "क्लबने आमचं वाईट केलं नाही गं," काका म्हणाले, "पण जवळ कोण बसावं हे कुणी ठरवून देत नाही. ते आपोआप झालं होतं."

शनिवार, 4 ऑक्टोबर

वारा अजून आहे, पण पाऊस थांबलाय. काकांनी गाडी काढली आणि आम्ही वॉल्टनला, गुडिसन पाहायला गेलो.

गुडिसन पार्क पाहताना आधी दिसतात ती घरं. विटांच्या दोनमजली घरांची सलग रांग, अरुंद रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे थेट स्टँडची भिंत. दार उघडून एखादा माणूस चपला घालून सामन्याला जाऊ शकेल इतकं जवळ. एका कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च तर मैदानाच्या हद्दीत घुसल्यासारखंच उभं आहे. दोन स्टँडच्या मधल्या फटीतून ते टीव्हीवरही दिसायचं. सामन्याच्या दिवशी चर्चच्या सभागृहात चहा मिळायचा, जुन्या कार्यक्रमपत्रिका चाळता यायच्या. आज रस्त्यावर एक बाई कुत्रा फिरवत होती आणि एक मुलगा स्टँडच्या भिंतीवर चेंडू मारत होता.

काका बुलन्स रोडवर थांबले. या स्टँडचा आराखडा आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश वास्तुविशारदाचा. वरच्या मजल्याच्या कठड्यावर पोलादी पट्ट्यांची फुल्याफुल्यांची जाळी ही त्याची खूण. ब्रिटनमधल्या कितीतरी मैदानांवर ती होती, आता मोजक्या ठिकाणी उरली आहे. ती आतून दिसते, बाहेरून नाही. पण काकांनी भिंतीकडे बोट करून ती कुठून कुठवर जाते ते दाखवलं.

या मैदानाचा इतिहास एका लेखात मावणारा नाही. एव्हर्टनच्या डिक्सी डीनने 1927–28च्या हंगामात लीगमध्ये 60 गोल केले, तो विक्रम आजही कायम आहे. त्याच डीनने 1980 मध्ये याच मैदानात, लिव्हरपूलविरुद्धचा सामना पाहताना, शेवटचा श्वास घेतला. 1966च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने पोर्तुगालला 3–0 असं मागे टाकलं आणि मग युसेबिओने एकट्याने चार गोल करून पोर्तुगालला 5–3 जिंकून दिलं, तेही इथेच. मैदानाखाली तारा टाकून गवत गोठू न देण्याची सोय इंग्लंडमध्ये पहिल्यांदा गुडिसनवर झाली, 1958 साली. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीतले पुरुषांचे सर्वाधिक सामने झाले ते याच मैदानावर.

तिथून स्टॅनली पार्क चालत ओलांडलं. बाग संपली की समोर ॲनफिल्ड. लिव्हरपूल क्लबचं हे जगप्रसिद्ध मैदान आधी एव्हर्टनचं होतं, हे फुटबॉल पाहणाऱ्या कितीतरी लोकांना माहीत नसतं. 1884 ते 1892 एव्हर्टन इथेच खेळलं, पहिलं लीग विजेतेपदही इथेच असताना मिळवलं. जॉन होल्डिंग हा बिअरचा कारखानदार तेव्हा क्लबचा मोठा आधार होता. भाड्यावरून आणि कारभारावरून त्याचं इतर सभासदांशी बिनसलं. सभासद क्लब घेऊन बागेपलीकडच्या मिअर ग्रीन नावाच्या पडीक जागेवर गेले आणि तिथे गुडिसन उभं केलं. होल्डिंगकडे मैदान राहिलं, संघ नव्हता. त्याने नवा संघ काढला, तोच लिव्हरपूल. गुडिसनचं उद्घाटन झालं 24 ऑगस्ट 1892 रोजी, आणि त्या दिवशी फुटबॉल झालंच नाही. धावण्याच्या शर्यती, संगीत आणि शोभेची दारू एवढाच कार्यक्रम होता.

बागेतल्या बाकावर बसून मी काकांना विचारलं, तेव्हाच्या लोकांनाही असंच वाटलं असेल का? ते म्हणाले, "त्यांना जास्त वाईट वाटलं असेल. त्यांच्या जुन्या घरात दुसरेच राहायला आले." मला हे पटलं. यावेळी निदान तसं झालेलं नाही. गुडिसन पाडून तिथे घरं बांधायची योजना होती. मे महिन्यात ती बाजूला ठेवून क्लबने जाहीर केलं की महिला संघ यापुढे इथे खेळेल, आणि या हंगामापासून तो खेळतोही आहे. या सगळ्या स्थलांतरातला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे असं मला मनापासून वाटतं. ज्या इंग्लिश क्लबांनी जुनं मैदान विकून तिथे फ्लॅट उभे राहू दिले, त्यांच्या चाहत्यांना आता जायला जागाच नाही. एव्हर्टनच्या माणसाला गुडिसनवर येऊन अजून तिकीट काढता येतं, आत बसता येतं.

पण परिसराचं नुकसान झालंय, ते नाकारण्यात अर्थ नाही. मेन स्टँडसमोरचा विन्सलो हा पब, कोपऱ्यावरची चिप्सची दुकानं, स्कार्फ-बिल्ले विकणारे, गाड्या लावायला अंगण देणारी घरं, या सगळ्यांचं वर्षाचं गणित त्या जवळपास चाळीस हजार लोकांवर बसलं होतं. महिलांच्या सामन्यांची गर्दी वाढेल आणि वाढायलाच हवी, पण एवढी गर्दी लगेच व्हायची नाही. क्लबने आणि नगरपालिकेने या गल्ल्यांकडे येती काही वर्षं तरी लक्ष ठेवायला हवं.

रविवार, 5 ऑक्टोबर

सामना दुपारी दोनला, क्रिस्टल पॅलेसशी. पॅलेसने मे महिन्यात मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकलाय आणि गेल्या 19 सामन्यांत त्यांना कुणी हरवलेलं नाही. काकांना मात्र पॅलेस म्हटलं की 19 मे 2022 आठवतो. तेव्हा एव्हर्टन खालच्या श्रेणीत घसरायच्या बेतात होतं, मध्यंतराला 0–2 मागे. गुडिसनवर 3–2 असं उलटवून संघ वाचला आणि लोक मैदानात धावले.

क्रॉस्बीहून सँडहिल्सला थेट गाडी आहे, त्यामुळे काकांना नवं मैदान जुन्यापेक्षा सोयीचं. स्टेशनात उतरलो तर फलाट निळा झाला होता. पुढे पायी निघालो. हा रस्ता गुडिसनसारखा नाही. घरं नाहीत, आहेत ती गॅरेजं, गोदामं, पत्र्याची शेड. मध्येच एखाद्या शेडचं दार उघडलेलं, आत बिअरचे पिंप आणि गाणी. यांतली काही ठिकाणं सामन्यांमुळेच उघडली आहेत हे रंगावरून कळतं. रीजंट रोडवर ब्रॅम्ली-मूर नावाचा पब आहे. पूर्वी तो गोदीतल्या हमालांचा, आता दारापासून फुटपाथपर्यंत एव्हर्टनच्या लोकांचा.

रस्त्याच्या कडेने गोदीची जुनी भिंत जाते आणि ती फोडून केलेल्या दारांतून आत जायचं. आतलं प्रांगण मला फार आवडलं. जुने रूळ फरशीत तसेच ठेवलेत, जहाजं बांधायचे लोखंडी खुंट आहेत, आणि एका बाजूला गोदीची यंत्रं पाण्याच्या दाबावर चालवणारं विटांचं हायड्रॉलिक इंजिनघर दुरुस्त करून उभं केलंय. पायाखाली चाहत्यांनी पैसे भरून नावं कोरून घेतलेले दगड आहेत. लोक खाली वाकून आपला दगड शोधत होते. एक बाई रुमालाने एक दगड पुसत होती. त्यावर दोन नावं होती, एकाखाली जन्म-मृत्यूची वर्षं. तिने पुसून झाल्यावर शेजारचा, ओळख नसलेल्याचा दगडही पुसला.

आणि स्टेडियमच्या विटांच्या भिंतीकडे नीट पाहिलं तर लीचची फुल्यांची जाळी तिथे विटांतून काढलेली दिसते. आराखडा डॅन माइस या अमेरिकन वास्तुविशारदाचा. नव्या इमारतीवर जुनी नक्षी चिकटवणं बहुतेक वेळा वरवरचं वाटतं, इथे वाटत नाही. कारण ती दाखवून द्यावी लागली नाही. शेजारून जाणाऱ्या एका आजोबांनी जाता जाता तिच्यावरून बोटं फिरवली.

इंजिनघरापाशी काकांचा बसचालक मित्र नातवाला घेऊन उभा होता. पहिल्या दोन सामन्यांना दोघांची चुकामूक झाली. मग फोनवर ही जागा ठरली. आता सामन्याच्या आधी अर्धा तास इथे, मग आपापल्या स्टँडकडे. मायलेकी मध्यंतरानंतर मेसेज करतात. त्यातली लेक लिहिते, आई फक्त स्मायली पाठवते.

आत गेल्यावर पहिला अनुभव उजेडाचा. सुमारे 53 हजारांची बैठक, पण मैदान अगदी खाली, पायांशी वाटतं. दक्षिण स्टँड एकच सलग, चांगलाच चढा उतार, 13 हजार माणसं एका भिंतीसारखी. खांब एकही नाही. तरी पॅलेसचा पहिला हल्ला आला आणि काका डावीकडे झुकले. समोर काहीच नव्हतं. पलीकडच्या खुर्चीवरच्या अनोळखी तरुणाने दचकून पाहिलं. थोड्या वेळाने मी मागे वळले, तर आमच्या मागच्या रांगेत आणखी दोन पिकली डोकी तशीच झुकत होती.

खेळाडू यायच्या आधी गुडिसनवर वाजायचा तो जुना भोंगा वाजला, पाठोपाठ गेली साठ वर्षं एव्हर्टनच्या सामन्यांना वाजणारी धून. काकांनी माझा हात धरला.

पहिला अर्धा भाग पॅलेसचा. 37व्या मिनिटाला मुन्योसने गोल केला आणि त्यांचे आणखी दोन-तीन सहज झाले असते. स्टेडियम गप्प पडलं, आणि तेव्हा मला या जागेची अडचण कळली. गुडिसनवर एखादा म्हातारा ओरडला की सगळा स्टँड हसायचा, त्यातून पुन्हा आवाज उठायचा. इथे ओरडणारे पांगले आहेत. कोण कधी सुरू करतो, कुणाला साथ द्यायची, हे अजून बसायचंय. दक्षिणेने गाणं सुरू केलं की पूर्वेला ते अर्ध्या ओळीने उशिरा पोचत होतं.

76व्या मिनिटाला एव्हर्टनला पेनल्टी मिळाली. इलिमान एन्डियाय पुढे आला. गुडिसनवरचे पुरुष संघाचे शेवटचे दोन्ही गोल त्याचे, आणि 24 ऑगस्टला, गुडिसनच्या उद्घाटनाच्याच तारखेला, ब्रायटनविरुद्ध इथला पहिला लीग गोलही त्याचाच. त्याने चेंडू शांतपणे जाळ्यात घातला. आता गाणं उशिरा पोचत नव्हतं.

भरपाई वेळ सुरू झाली, तिसरं मिनिट. गोलसमोर झुंबड, पॅलेसच्या गोलकीपरने एक चेंडू अडवला, मुन्योस तो घाईत दूर मारायला गेला आणि चेंडू एव्हर्टनच्या जॅक ग्रीलिशला आदळून आत गेला. देखणा गोल मुळीच नाही. पण त्या आवाजाने छप्पर थरथरलं हे मी पायांत अनुभवलं. मघाचा तो अनोळखी तरुण काकांच्या गळ्यात पडला. काका मराठीत ओरडत होते, तो स्काउस या लिव्हरपूलच्या बोलीत, आणि दोघंही एकमेकांना मान डोलावून होकार देत होते. 2–1. पॅलेसची मालिका इथे तुटली.

परतीचं मात्र कठीण आहे. सँडहिल्स हे छोटं स्टेशन. बाहेर कठड्यांमधून नागमोडी रांग लावतात आणि माणसं थोडी थोडी सोडतात. गर्दीच्या मानाने ती रांग सरकत होती, पण गार वाऱ्यात म्हाताऱ्या माणसांना ती जड जाते. एवढ्या लोकांसाठी दुसरा मोठा मार्ग नसणं ही या जागेची खरी उणीव आहे. आज जिंकल्यामुळे कुणी कुरकुरत नव्हतं, पण थंडीच्या रात्री हरल्यावर इथे उभं राहायचंय. रांगेत तो तरुण पुन्हा भेटला. त्याने काकांना विचारलं, तुम्ही आधी कुठे बसायचा? "अप्पर बुलन्स," काका म्हणाले. तो म्हणाला, माझे आजोबा तिथेच बसायचे. मग दोघंही खांबांबद्दल बोलत स्टेशनपर्यंत आले.

सोमवार, 6 ऑक्टोबर

सकाळी एव्हर्टन ब्राउवर चढलो. ज्या वस्तीवरून क्लबचं नाव आलं ती ही टेकडी. इथे 1787 साली बांधलेली एक गोल दगडी चौकी आहे, रात्रीपुरते दारुडे आणि चोर कोंडायची. क्लबच्या बोधचिन्हावर आहे ती हीच. वरून खाली नदी, गोद्या आणि उत्तरेकडे नवं स्टेडियम दिसतं. क्लब एव्हर्टन या वस्तीत फारसा कधी खेळलाच नाही, पण आता तिथून तो दिसतो तरी.

मग शहराच्या नदीकाठच्या पिअर हेडपासून उत्तरेला चालत निघालो. काकांना हाच रस्ता आजमावायचा होता. स्टॅनली गोदीचं तंबाखूचं प्रचंड गोदाम लागतं, 1901चं, सुमारे 2 कोटी 70 लाख विटांचं. त्यापुढे जेसी हार्टलीची भिंत. हार्टलीने एकोणिसाव्या शतकात इथल्या गोद्या बांधल्या, ब्रॅम्ली-मूर 1848ची. भिंतीत ग्रॅनाइटचे ओबडधोबड मोठे दगड आहेत आणि मधल्या बेचक्यांत बोटभर तुकडे इतके अचूक बसवलेत की नख शिरत नाही.

स्टेडियम उभारताना आयरिश समुद्रातली वाळू आणून ही गोदी भरली. त्याआधी त्यातले मासे पकडून दुसरीकडे सोडले. लिव्हरपूलचं बंदर 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत होतं, ते 2021 मध्ये वगळलं गेलं. त्यामागे हे स्टेडियमही एक कारण होतं. पाणी गेल्याची हळहळ मला आहे. पण कुंपणाआड बंद पडलेली ही गोदी लिव्हरपूलच्या किती लोकांनी आतून पाहिली होती? काल हजारो माणसं त्या भिंतीला हात लावत आत गेली.

क्लबने याआधी किंग्ज डॉकला जायचा बेत केला, तो पैशांअभावी बारगळला. मग शहराबाहेर किर्बीला जायचं ठरलं, ते सरकारने 2009 मध्ये नाकारलं. "किर्बीला गेलो असतो तर मी तिकीट सोडलं असतं," काका म्हणाले. इथे नदी आहे, शहर आहे, गोदीत काम केलेल्यांची नातवंडं आहेत. हे त्यांना पुरतंय.

स्टेडियमच्या दाराशी पोचलो तेव्हा काकांनी घड्याळ पाहिलं. थांबत थांबत पन्नास मिनिटं. 26 तारखेला टॉटनहॅम आहे. परत जाताना सँडहिल्सच्या रांगेत न लागता शहरापर्यंत चालायचं आणि तिथून बसायला जागा मिळेल अशी गाडी धरायची, असा बेत पक्का करून त्यांनी तिथूनच बसचालकाला फोन लावला. तो गुडघ्याचं कारण सांगू लागला, तेव्हा काका त्याला डॉक्टरच्या आवाजात चालण्याचे फायदे समजावत स्टेशनकडे निघाले.